जीए नेमकं करतं काय? अर्ध्या जवाच्या दाण्यावर जीन चालू झालेला बघायची घरगुती रीत

आमच्या द्राक्षपट्ट्यात जीए (जिबरेलिक ॲसिड, झाडाच्या वाढीचा हार्मोन) काय असतं हे कुणाला सांगायला लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, घड पोपटी दिसायला लागले की फवारणी सुरू, आणि पुढे मणी बाजरीएवढे ज्वारीएवढे झाले की मगमध्ये जीएचं पाणी घेऊन एकेक घड बुडवत ओळीच्या ओळी पालथ्या घालायच्या. लहानपणी सुट्टीत मी पण हे काम केलंय. पण जीए म्हणजे खत का टॉनिक का औषध असं विचारलं तर बांधावर प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि बॉटनी घेतलेल्या पोरांना विचारलं तर ती "डेला डिग्रेड होतं सर" एवढं पाठ म्हणून दाखवतात, पण त्यातलं डोळ्यासमोर काहीच आलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय. एक प्रयोग आहे, जुना, साधा, स्वयंपाकघरात होतो, तीन-चार दिवस लागतात, आणि त्यात हार्मोनने जीन चालू केला हे खरोखर डोळ्याने दिसतं. आधी प्रयोग करा, मग त्यामागचं समजायला सोपं जातं, उलटं केलं की परत पाठांतरच होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं त्यावर बसेल. जीए काही ढकलत नाही. घाटात ट्रक चढावर उभा असतो, चाकाखाली दगड लावलेला असतो, तो दगड काढायचं काम जीए करतं. चालायची ताकद ट्रकमध्ये आधीपासूनच आहे.

आता सामान. अख्खे जव लागतील, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात ते साल असलेले. किराणा दुकानातली पांढरी गुळगुळीत बार्ली अजिबात आणू नका. मी पहिल्यांदा तीच आणली होती आणि दोनदा सगळं मांडून दोन्ही वेळा काहीच दिसलं नाही, आठवडा गेला, मग लक्षात आलं की ती बार्ली पॉलिश केलेली असते आणि पॉलिशमध्ये दाण्याचा जो थर निघून जातो नेमका त्याच थरावर हा सगळा खेळ आहे. त्या थराला अल्युरॉन म्हणतात, सालीच्या लगेच आत, जवात साधारण तीन पेशींच्या जाडीचा. गव्हात हाच थर एका पेशीचा असतो. गव्हावर पण प्रयोग होतो पण मला जवावर जास्त ठळक दिसला. बियाणं म्हणून विकतात ते जव पण नको, त्याला औषध चोळलेलं असू शकतं.

बाकी चायना ग्रास म्हणजे अगर, कॉर्नफ्लोअर, काचेच्या झाकणाच्या छोट्या डब्या किंवा पेट्री डिश, नवीन ब्लेड, घरातलं ब्लीच, बेटाडीन किंवा टिंक्चर आयोडीन, आणि जीए. जीए कृषी सेवा केंद्रात मिळतं, एक तर नव्वद टक्क्यांची पावडर एक ग्रॅमच्या पुडीत, नाहीतर ०.००१ टक्क्याचं पातळ. पातळवाल्यावर ०.००१ टक्के लिहिलंय म्हणजे ते सरळ १० पीपीएम आहे (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग), हिशोब सोपा. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही हे बागायतदारांना माहितीच आहे, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची मग पाण्यात टाकायची. एक ग्रॅम पुडी २० मिली स्पिरिटमध्ये विरघळवून पाण्याने एक लिटर केली की झालं ९०० पीपीएम, त्यातलं १० मिली घेऊन परत एक लिटर केलं की ९ पीपीएम. आपल्याला प्लेटमध्ये साधारण १ पीपीएम पाहिजे. एवढंसं वाटतं ना, पण लॅबमध्ये पण एवढ्याच आसपास वापरतात, हार्मोनचा हिशोब असाच असतो. हातमोजे घाला, पावडर डोळ्यात नाकात जाऊ देऊ नका, आणि हे करायला घेतलेली भांडी परत स्वयंपाकाला घेऊ नका.

आधी दाणे कापायचे. दाण्याच्या एका टोकाला गर्भ असतो, म्हणजे जिथून कोंब येतो ते टोक, जव थोडा वेळ भिजवला की तिथे सालीखाली फुगवटा कळतो. ब्लेडने दाणा मधोमध आडवा कापा आणि गर्भाचा अर्धा बाजूला काढा. उरलेल्या अर्ध्यात फक्त स्टार्च आणि त्याभोवती अल्युरॉन. हे कापणं घाईत करू नका, गर्भाचा तुकडा चुकून राहिला तर सगळा निकाल बिघडतो, मी भिंगाखाली धरून एकेक बघतो. साधारण तीस दाणे कापून ठेवा. गर्भाचे अर्धे पण टाकू नका, त्यातले सहा-सात लागणार आहेत.

मग एक भाग ब्लीच तीन भाग पाणी असं करून पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा, मधेमधे हलवा, नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने चार-पाच वेळा खळखळून धुवा. साल असल्यामुळे बुरशी चटकन येते म्हणून इथे कंटाळा करायचा नाही. धुतल्यावर उकळून गार केलेल्याच पाण्यात रात्रभर भिजू द्या.

दुसऱ्या दिवशी २०० मिली पाण्यात दोन-अडीच ग्रॅम चायना ग्रास आणि एक ग्रॅम कॉर्नफ्लोअर, कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यात कालवून घ्या नाहीतर गुठळ्या होतात, आणि अगर पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. शाळा-कॉलेजच्या लॅबमधून कॅल्शियम क्लोराइड मिळालं तर चिमूटभर टाका, जे एन्झाइम आपण शोधतोय ते कॅल्शियम असलं की टिकून राहतं. मिश्रण दोन भांड्यात अर्धंअर्धं करा. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की एकात १० मिली जीए टाका (तुमच्याकडचं १० पीपीएमचं पातळ किंवा आत्ता बनवलेलं ९ पीपीएमचं), दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी, पावडर वापरली असेल तर या पाण्यातही स्पिरिट तेवढंच पातळ करून टाका म्हणजे दोन्हीत फरक फक्त जीएचाच राहील. उकळत्यात जीए टाकू नका, उष्णतेने ते खराब होतं. डब्यांमध्ये पातळ थर ओता, झाकून गार होऊ द्या.

मांडणी अशी की साध्या प्लेटमध्ये बिनगर्भाचे अर्धे दाणे, कापलेली बाजू खाली. जीएच्या प्लेटमध्ये तसेच बिनगर्भाचे अर्धे दाणे. अजून एका साध्या प्लेटमध्ये गर्भ असलेले अर्धे. आणि अजून एका जीएच्या प्लेटमध्ये दहा मिनिटं उकळून मारलेले बिनगर्भाचे अर्धे. ही शेवटची प्लेट लोक वगळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे येईल. झाकण लावून अंधाऱ्या कपाटात दोन दिवस. तिसऱ्या दिवसानंतर थांबू नका, बुरशीचं स्वतःचं एन्झाइम असतं आणि ते पण स्टार्च खातं, मग कुणी खाल्लं ते कळत नाही.

दोन दिवसांनी दाणे चिमट्याने उचला आणि पाण्यात पातळ केलेलं बेटाडीन प्लेटवर ओता, मिनिट-दोन मिनिटांनी ओतून टाका. सगळी प्लेट निळीकाळी होते कारण स्टार्चला आयोडीन लागलं. पण जीएच्या प्लेटमध्ये जिथेजिथे दाणा होता तिथे गोल स्वच्छ ठिपका राहतो, रंगच चढत नाही. तिथला स्टार्च कुणीतरी तोडून टाकलाय. साध्या प्लेटमधल्या बिनगर्भाच्या दाण्याखाली काही नाही किंवा अगदी पुसट. गर्भवाल्या अर्ध्यांखाली जीए न घालताही वर्तुळ आहे. आणि उकळलेल्यांखाली जीए असूनसुद्धा काही नाही. मी हे किती वेळा केलंय तरी आयोडीन ओतल्यावर ती वर्तुळं उमटताना बघितली की अजून थांबून बघत राहतो.

आता काय झालं ते बघू. उकळलेल्या दाण्याने सांगितलं की जीए स्वतः स्टार्च तोडत नाही, नाहीतर तिथेही वर्तुळ आलं असतं. म्हणजे जिवंत पेशीने काहीतरी बनवलं. गर्भवाल्या अर्ध्याने सांगितलं की गर्भ स्वतःचं जीए पाठवतो, आपण फक्त गर्भाच्या जागी बाटली ठेवली. १९६० साली ऑस्ट्रेलियात पॅलेग आणि जपानमध्ये योमो या दोघांनी वेगवेगळं काम करून हेच दाखवलं, की गर्भ काढलेल्या जवाला जिबरेलिन दिलं की तो अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, सोडतो. तेव्हा एक शंका राहिली होती ती अगदी रास्त होती, की अमायलेज आधीच बनून पडलं असेल आणि जीएने फक्त मोकळं केलं असेल. ती १९६७ मध्ये फिल्नर आणि व्हार्नर यांनी मिटवली, दाण्यांना जड ऑक्सिजनचं पाणी दिलं आणि तयार झालेलं अमायलेज नेहमीपेक्षा जड निघालं, म्हणजे ते जीए दिल्यानंतर नव्याने बांधलं गेलं होतं. नव्याने प्रोटीन म्हणजे त्याचा जीन वाचला गेला. तुमच्या प्लेटमधलं वर्तुळ म्हणजे चालू झालेल्या जीनचा ठसा आहे, हे मी अलंकारिक बोलत नाहीये.

आता पेशीच्या आत चला. अल्युरॉन पेशीच्या न्यूक्लियसमध्ये अमायलेजचा जीन असतोच, पण न्यूक्लियसमध्ये डेला नावाचं एक प्रोटीन ठाण मांडून असतं, तोच आपला चाकाखालचा दगड. डेला हे नाव त्या प्रोटीनच्या एका भागात ओळीने येणाऱ्या पाच अमिनो ॲसिडच्या अक्षरांवरून पडलंय, डी ई एल एल ए. जीए पेशीत आलं की ते जीआयडी१ नावाच्या रिसेप्टरच्या, म्हणजे हार्मोन ओळखून धरणाऱ्या प्रोटीनच्या, खोबणीत जाऊन बसतं. हा रिसेप्टर २००५ मध्ये जपानच्या नागोयातल्या गटाने भातात शोधला, ज्या ठेंगण्या भाताला कितीही जीए द्या तरी वाढत नव्हता त्याच्यातून. २००८ मध्ये त्याची रचना पण दिसली आणि ती फार सुंदर आहे. जीए खोबणीत बसलं की रिसेप्टरचा एक तुकडा झाकणासारखा त्याच्यावर बंद होतो, आणि बंद झालेल्या त्या झाकणाच्या वरच्या अंगाला डेला येऊन चिकटतं. म्हणजे जीए डेलाला शिवतही नाही. ते फक्त डबा बंद करतं आणि बंद डब्यावर डेलाला धरायची जागा तयार होते.

एकदा डेला असं धरलं गेलं की पेशीची साफसफाईची यंत्रणा त्याला ओळखते. एक एफ-बॉक्स प्रोटीन त्याला पकडतं, भातात त्याचं नाव जीआयडी२, त्याच्यावर युबिक्विटिन नावाचे छोटे शिक्के एकामागून एक मारले जातात, आणि शिक्के बसलेलं प्रोटीन प्रोटिएसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन तोडायच्या यंत्रात, जाऊन तुकडे होतं. दगड निघाला. हे सगळं जीए आल्यावर फार लवकर होतं. पण अमायलेज बाहेर यायला मात्र आठ-दहा तास लागतात, आणि पोरं इथेच अडकतात की मधल्या वेळात काय चाललंय. मधे अजून एक पायरी आहे. डेला गेल्यावर आधी जीएमिब नावाच्या प्रोटीनचा जीन चालू होतो, ते प्रोटीन तयार होतं, मग ते अमायलेजच्या जीनच्या आधीच्या भागात, ज्याला प्रमोटर म्हणतात, तिथे टीएएसीएएए ही सात अक्षरं शोधून त्यावर बसतं. ते बसलं की आरएनए पॉलिमरेज कामाला लागतं, मेसेंजर आरएनएच्या प्रतींवर प्रती निघतात, रायबोसोमवर अमायलेज बांधलं जातं आणि पेशीबाहेर स्टार्चकडे सोडलं जातं. प्रमोटरमधली ती सात अक्षरं बिघडवली तर जीए देऊनही जीन दाद देत नाही, इतका तो पत्ता नेमका आहे.

हा दगडाचा मुद्दा खरा कसा समजायचा याचं उत्तर शेतात आहे. १९६० च्या दशकात जो बुटका गहू आपल्याकडे आला, मेक्सिकोहून, ज्याचं मूळ जपानच्या नोरिन १० मध्ये, त्याच्या डेलाच्या जीनमध्येच बदल आहे. डेलाचा जो भाग रिसेप्टरवर चिकटतो तोच तिथे गेलाय, म्हणजे दगड आहे पण त्याला हात घालायला जागा नाही. झाडात जीए आहे, रिसेप्टर आहे, तरी डेला हलत नाही, म्हणून गव्हाचं ताट बुटकं राहतं आणि दाण्याच्या भाराने लोळत नाही. हे १९९९ मध्ये उलगडलं. बुटका भात आयआर-८ वरवर तसाच दिसतो पण त्याचं कारण वेगळं, त्याच्यात जीए बनवणारं एक एन्झाइम बिघडलंय, दगड नेहमीचाच आहे फक्त काढणारा कमी पडतो. दोन्हीवर जीए फवारून बघा, भात उंच होईल आणि गहू जवळजवळ तसाच राहील. वर्गात हा प्रयोग कुंडीत करायला फार चांगला आहे.

आता द्राक्षाकडे येतो कारण माझा जीव तिथे आहे. आपण वर्षभरात दोन उलट्या गोष्टी करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर जीए देतो, पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर लिहोसिन मारतो. लिहोसिन म्हणजे सीसीसी, ते झाडाला जीए बनवूच देत नाही, म्हणजे डेला टिकवून ठेवतं. फांदीची लांबड थांबते आणि काडीवरच्या डोळ्यात घडनिर्मितीला मदत होते असं सगळे सांगतात, पण का? याचं उत्तर २००२ मध्ये एका फ्रेंच द्राक्षातून मिळालं, पिनो मुनिये. त्याच्या सालीच्या थरात डेलाच्या जीनमध्ये गव्हासारखाच त्याच भागात बदल आहे. त्या थरातून वाढवलेली वेल बुटकी झाली आणि जिथे ताण्या (वेल आधाराला धरते ते तंतू) यायच्या तिथे तिला घड आले! म्हणजे वेलीत ताणी आणि घड एकाच ठिकाणाहून निघतात, जीएचं ऐकलं की ताणी, डेला टिकलं की घड. म्हणून एप्रिल-मेमध्ये काडीत घड ठरत असताना जीए नको आणि ऑक्टोबरनंतर घड बाहेर आला की त्याची लांबी आणि मण्यांची फुगवण यासाठी जीए पाहिजे. कोकणात हापूसला कल्टार देतात तेही याच बाजूचं, पॅक्लोब्युट्राझोल, जीएची निर्मिती मधेच अडवतं.

आणि यातच दुसरी एक गोष्ट कळते. तेच जीए, तेच डेला, पण जवाच्या अल्युरॉनमध्ये अमायलेज चालू होतं आणि द्राक्षाच्या देठात पेशीची भिंत सैल करणारी एन्झाइमं चालू होतात. दगड सारखा, ट्रक वेगळा. त्या पेशीत त्या वेळी कुठले जीन तयारीत आहेत त्यावर परिणाम ठरतो, म्हणून जीएमध्ये वेळेला इतकी किंमत आहे आणि चार दिवस उशीर झाला तर डोस वाढवून ती भरपाई होत नाही.

जीएच्या उलट काम करणारा हार्मोन पण असतो, ॲबसिसिक ॲसिड, दाण्याला झोपवून ठेवणारा. काढणीच्या वेळी अवकाळी आला की ज्वारीच्या कणसातच दाणे उगवतात ना, तेव्हा त्याचा ताबा सुटलेला असतो आणि हेच अमायलेज आतला स्टार्च खायला लागतं. आणि तेच आपण मुद्दाम घडवतो तेव्हा त्याला नाचणी सत्त्व म्हणतो, मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीची पेज पातळ होते ती याच एन्झाइममुळे, बाळाला म्हणून ती सोपी जाते. इतर हार्मोनांपैकी ऑक्सिन आणि जास्मोनेट यांची रीतही अशीच, अडवणारं प्रोटीन पकडून देऊन तुडवायचं, फक्त प्रोटीनांची नावं वेगळी. इथिलीन आणि सायटोकायनिनचा रस्ता वेगळा आहे, ते परत कधीतरी.

पहिला प्रयोग नीट जमला की पुढचा हा करा. १० पीपीएम, १, ०.१ आणि ०.०१ पीपीएम अशा चार प्लेट लावा, प्रत्येकीत सहा-सहा बिनगर्भाचे अर्धे, आणि आयोडीननंतर वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजून वहीत लिहा. दहापट जीए केलं म्हणून वर्तुळ दहापट होत नाही, थोडंसं वाढतं, आणि वरच्या टोकाला जवळपास थांबतं, कारण रिसेप्टर भरले आणि डेला सगळं गेलं की काढायला दगडच उरत नाही. ही वही बागेत घेऊन जा आणि घरात जो कुणी पीपीएम ठरवतो, काका असोत की आबा, त्यांना १० आणि १ पीपीएमची ती दोन वर्तुळं शेजारी ठेवून दाखवा. वापरलेल्या प्लेटवर ब्लीच ओतून तासभर ठेवा आणि मग फेका.